काम अर्ध्या दिवसाचं, हक्क मात्र पूर्ण

(रायपूर इथे मराठी भाषक पदवीधर तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन आहे.)



मला बोलावणं आलं तेव्हा विषय सांगितला होता, 'आजारावर मात करून शिक्षण'. मी आयोजकांना तेव्हाच सांगितलं, मात वगैरे काही झालेली नाही. आजार आहे तिथेच आहे, मीही आहे तिथेच आहे. मात करणाऱ्यांची भाषणं ऐकून टाळ्या वाजतात आणि लोक घरी जातात. मला त्यापेक्षा एका अर्जाबद्दल बोलायचं आहे. तो अर्ज भरताना खिडकीपलीकडच्या माणसाने मला विचारलं होतं, "नौकरी करती हो, तो पेन्शन किसलिए?" त्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मला देता आलं नाही. शोधायला दोन वर्षं लागली. तेच आज सांगते.

आधी आजार सांगते, कारण तो दिसत नाही. मला सिकलसेल आहे. वाहक नाही, प्रत्यक्ष आजार. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायला हव्यात, माझ्या विळ्यासारख्या वाकतात. मग त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि जिथे अडकतात तिथे असह्य दुखतं. थंडी वाजली, पाणी कमी प्यायलं, ताप आला, फार दमले की हे सुरू होतं. कधी दोन दिवस, कधी आठ दिवस. मधल्या काळात मी तुमच्यासारखीच दिसते. बस पकडते, हिशेब करते, हसते. आई आणि बाबा दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. माझा भाऊ त्यातून सुटला, मी सुटले नाही.

छत्तीसगड आणि विदर्भ हा या आजाराचा पट्टा. गोंड, हलबा, महार, सतनामी, तेली, कुर्मी अशा कितीतरी समाजांत तो आढळतो. वाहकाला मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या मुलखात हे जनुक टिकून राहिलं, असं शास्त्र सांगतं. म्हणजे हे कुठल्या जातीचं पाप नाही आणि कुणाच्या रक्ताचा कमीपणा नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं झाली की दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातींवरचा निबंध वाचला. जातीचं मूळ लक्षण जातीअंतर्गत विवाह आहे, हे त्यांनी त्यात मांडलं. ते रक्तविकारांबद्दल बोलत नव्हते. पण हाडं दुखतात तेव्हा मला ते वाक्य आठवतं. जात कागदावर असते तशी शरीरातही उतरते.

सरकारलाही हे माहीत आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. आदिवासीबहुल भागांत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असं त्याचं उद्दिष्ट. आपल्या रायपुरात तर सिकलसेलसाठी वेगळी संस्थाच आहे. तपासणी व्हायलाच हवी, औषधंही मिळायला हवीत. पण ज्यांची तपासणी कधीच होऊन गेली, ज्यांना उद्या सकाळी कामावर जायचं आहे आणि आज रात्री मांडी ठणकते आहे, त्यांचं २०४७ पर्यंत काय? माझं भाषण त्यांच्याबद्दल आहे.

माझे आजोबा गोंदियाकडून रेल्वेच्या कामाने इथे आले. बाबा गुढियारीच्या गोदामात हमाली करत, आता कंबरेने साथ सोडली आहे. घरातली पहिली पदवीधर मी, बी.कॉम. एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात हिशेब बघायला लागले. आठ तास, चौदा हजार. पहिल्या वर्षात तीनदा भरती झाले. दुसऱ्या वर्षी मालक म्हणाले, पूर्ण वेळ झेपत नसेल तर सोड. मी म्हटलं, सोडत नाही, अर्धा दिवस येते. सकाळी साडेनऊ ते दीड, सात हजार. दुपारी घरी येऊन पाणी पीत पडून राहते. या एका बदलाने त्या वर्षी तीनदाचं एकदावर आलं. म्हणजे अर्धा दिवस हा माझा आळस नव्हता, ते माझं औषध होतं. पण या औषधाची किंमत महिना सात हजार होती आणि ती मी एकटी भरत होते.

तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, सरकारकडून काही मिळतं का ते बघावं.

पहिली पायरी प्रमाणपत्राची. १९९५ च्या जुन्या कायद्यात सिकलसेल नव्हताच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, आणि यादी सातावरून २१ प्रकारांवर गेली. हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे तीन रक्तविकार त्यात आले. म्हणजे कायद्याच्या नजरेत मी २०१७ साली अपंग झाले. त्याआधी मी नुसती कामचुकार होते.

वैद्यकीय मंडळासमोर पहिल्यांदा गेले ती रिकाम्या हाताने. म्हणजे एक रक्ताचा रिपोर्ट होता, बस. आजार आहे तो डॉक्टरांना दिसेल, असं मला वाटलं होतं. समोरच्याने वर बघितलं आणि म्हणाला, "दिखता तो नहीं." मला ३० टक्के मिळाले. ४० टक्क्यांच्या आत म्हणजे बहुतेक योजनांचे दरवाजे बंद.

घरी येऊन मी रडले. मग कायदा वाचला. कलम ५९ म्हणतं, प्रमाणपत्राच्या निर्णयाविरुद्ध अपील करता येतं. आणि सिकलसेलची टक्केवारी कशी ठरवायची याची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ४ जानेवारी २०१८ ची, पुढे २०२४ मध्ये सुधारलेली. चेहरा बघून टक्केवारी ठरत नाही, नोंदी बघून ठरते. दुसऱ्यांदा गेले ती फाईल घेऊन. भरती झाल्याची प्रत्येक डिस्चार्ज समरी, रक्त चढवल्याच्या नोंदी, खुब्याचा एमआरआय आणि एक साधी वही. त्या वहीत तारीख, किती दिवस दुखलं, कुठे दुखलं, कामाचे किती दिवस बुडाले. ४५ टक्के मिळाले. मधल्या काळात माझा आजार वाढला नव्हता, कागद वाढले होते.

हे ऐकून कुणाला वाईट वाटेल, पण आपल्यासाठी हे नवं नाही. जातीच्या दाखल्यासाठी आपण हेच केलेलं आहे. बाबांनी माझा दाखला काढताना आजोबांच्या रेल्वेच्या नोकरीचा कागद शोधून आणला होता, कारण १० ऑगस्ट १९५० च्या आधीपासून कुटुंब इथलं आहे हे सिद्ध करायचं होतं. आमच्यासारख्या विदर्भातून आलेल्या कितीतरी घरांचे दाखले त्या एका तारखेवर अडलेले आहेत. तुम्हीही त्यातून गेला असाल. आपल्या दुःखाला पुरावा लागतो, हे आपल्याला लहानपणीच कळलेलं असतं. मग आजाराचा पुरावा गोळा करताना लाजायचं कशाला?

आता पेन्शन. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांगता पेन्शन २००९ साली सुरू झाली. त्यात केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये, २०१२ पासून तेवढाच. वय १८ ते ७९, घर दारिद्र्यरेषेखाली आणि अपंगत्व ८० टक्के. माझे ४५, म्हणजे तिथे मी बसत नाही. छत्तीसगडची स्वतःची सामाजिक सुरक्षा पेन्शन ४० टक्क्यांपासून आहे, तीही गरीब घरांसाठी. ती २०२३ साली ३५० वरून ५०० रुपये झाली. मी त्या पाचशेसाठी गेले होते.

खिडकीवरच्या माणसाने अर्ज बघितला. 'व्यवसाय' या रकान्यात मी लिहिलं होतं, खासगी नोकरी, अर्धवेळ, सात हजार. तिथेच त्याने तो प्रश्न विचारला. मी गप्प. मग तो जरा मऊ झाला, आवाज खाली आणून म्हणाला, "बेरोजगार लिख दो, हो जाएगा." तो माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच मदत करायची होती. पण त्याची मदत अशी होती की मी खोटं बोलावं.

घरी आल्यावर आई म्हणाली, "लिहून टाक नं पोरी. आपण काय चोरी करतो का? तुझ्या दुखण्याचेच तर पैसे आहेत." आईचं म्हणणं मला खोडता आलं नाही. तिने चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या घरी भांडी घासली आणि कुठल्याही सरकारी कागदावर तिच्या व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' एवढंच लिहिलं गेलं. तिचं काम कधी काम म्हणून मोजलंच नाही. मग माझं अर्ध्या दिवसाचं काम लपवलं तर काय बिघडलं, असं तिला वाटणं साहजिक होतं.

तरी मी लिहिलं नाही. त्याची दोन कारणं. एक भीतीचं. कलम ९१ प्रमाणे अपंगांसाठीचा लाभ फसवून घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांचं प्रकरण देशभर गाजलं. तेव्हापासून ज्याचं अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही त्या प्रत्येकाकडे संशयाने बघितलं जातं. मोठ्या घरातल्यांच्या भानगडीचा दंड शेवटी आपल्या रांगेला बसतो. दुसरं कारण मोठं. मी 'बेरोजगार' लिहिलं असतं तर मीच मान्य केलं असतं की काम करणारा अपंग असू शकत नाही. मग उद्या माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलीलाही तेच लिहावं लागलं असतं.

म्हणून मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपये शुल्क, एक पान. एकच प्रश्न विचारला: अर्धवेळ नोकरी करणारी अपंग व्यक्ती या पेन्शनला अपात्र आहे असा नियम असल्यास त्याची प्रत द्यावी. उत्तर आलं. योजनेच्या अटींची प्रत आली. त्यात वय होतं, टक्केवारी होती, रहिवास होता, गरिबीच्या यादीत नाव होतं. नोकरी करू नये, अशी ओळ कुठेही नव्हती.

मग मी तोच अर्ज, खऱ्या माहितीसह, पुन्हा दिला आणि पोच घेतली. या वेळी नकार लेखी आला. कारण लिहिलं होतं, यादीत नाव नाही. २०११ च्या सर्वेक्षणाच्या वेळी आम्ही भाड्याचं घर बदलत होतो, कुणी मोजायला आलं की नाही हे घरात कुणाला आठवत नाही.

साथींनो, या भाषणातलं एक वाक्य घरी न्यायचं असेल तर हे न्या. तोंडी दिलेलं कारण आणि लेखी दिलेलं कारण वेगळं होतं. तोंडी कारण होतं, 'तू काम करतेस'. ते लिहिता आलं नाही, कारण तसा नियमच नाही. तो खिडकीचा समज होता. किती लोक त्या तोंडी कारणावरून परत गेले असतील? माझ्याशी भांडायला आता निदान खरं कारण समोर आहे. यादीत नाव यावं म्हणून अर्ज केला आहे, तो चालू आहे. पाचशे रुपये मला अजून मिळालेले नाहीत. ही यशाची गोष्ट नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं.

आता त्या माणसाच्या प्रश्नाचं उत्तर. 'काम करतेस तर पेन्शन कशाला' या प्रश्नात एक गृहीतक लपलेलं आहे. माणूस एकतर काम करू शकतो किंवा करू शकत नाही, मधलं काही नाही. हे गृहीतक संविधानात नाही. अनुच्छेद ४१ काढून वाचा. कामाचा हक्क, शिक्षणाचा हक्क, आणि बेकारी, वार्धक्य, आजार, अपंगत्व यांत सरकारी साहाय्याचा हक्क, हे तिन्ही एकाच वाक्यात शेजारीशेजारी आहेत. काम किंवा साहाय्य, असं तिथे म्हटलेलं नाही. हो, राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, अशी अट आहे आणि ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावर थेट कोर्टात जाता येत नाही, हेही खरं. पण दिशा स्पष्ट आहे.

आणि आपल्या देशातल्या जुन्या कायद्यांनाही हे मधलं ठाऊक आहे. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा. कारखान्यात अपघाताने दोन बोटं गेली, तर कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरतं आणि त्या प्रमाणात कायम मासिक लाभ मिळतो. तो कामगार पुन्हा मशीनवर उभा राहिला तरी तो लाभ चालू राहतो. आजारपणाचा लाभ मात्र वेगळा आहे. वर्षात ९१ दिवसांपर्यंत, सत्तर टक्के पगार, आणि ज्या दिवशी काम केलं त्या दिवसाचा तो मिळत नाही. म्हणजे एकाच कायद्यात दोन्ही गोष्टी आहेत. क्षमतेचा काही भाग जाणं आणि तरीही काम करणं, हे कायद्याला १९४८ पासून समजतं. बोटं गेली तर समजतं. रक्तवाहिनी तुंबली तर का समजू नये?

बाहेर बघायचं तर ब्रिटनमध्ये पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट नावाचा भत्ता आहे. तो नोकरीवर किंवा उत्पन्नावर अवलंबून नाही. अपंगत्वामुळे जगण्याचा खर्च वाढतो, त्यासाठी तो आहे. तिथेही लोक भांडतातच, तपासण्यांचा जाच तिथेही आहे. पण तत्त्व बघा: भत्ता बेकारीबद्दल नाही, वाढलेल्या खर्चाबद्दल आहे. माझ्या आजाराचा खर्च मी नोकरीला गेल्याने कमी होत नाही. रिक्षा लागते, कारण हिवाळ्यात सकाळी स्कूटीवर गेले की दुखणं ठरलेलं. गरम पाणी लागतं, जाड कपडे लागतात, डॉक्टरकडे गेलं की तो दिवस बिनपगारी जातो.

आपल्या २०१६ च्या कायद्यातही याची जाणीव आहे. कलम २४ म्हणतं, सामाजिक सुरक्षेच्या योजनांत अपंग व्यक्तींना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त रक्कम मिळावी. इथेही आर्थिक कुवतीची अट आहेच. पण छत्तीसगडात २०२३ ची वाढ झाली तेव्हा निराधार, वृद्ध, विधवा, परित्यक्ता, अपंग, सगळ्यांना आकडा एकच मिळाला, पाचशे. पंचवीस टक्के जास्त म्हणजे सव्वासहाशे. ते सव्वाशे रुपये मागायला कुणी उभं राहिलं का? महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेत अपंगांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून अडीच हजार झाली. रक्कम चांगली आहे, पण तिथे अपंगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० आहे. महिन्याला चार हजार दोनशेसुद्धा पडत नाहीत. मी नागपुरात असते तर माझ्या एकटीच्या अर्ध्या पगारानेच घर त्या मर्यादेबाहेर गेलं असतं. म्हणजे काम करू नको असं नियमात लिहायची गरजच नाही. उत्पन्नाची रेघ इतकी खाली ओढली की अर्धा दिवस काम करणारा आपोआप बाहेर पडतो. भांडायचं तर या रेघेशी भांडायला हवं.

आता थोडं कामाच्या जागेबद्दल. पेन्शन हा एक कप्पा. प्रमाणपत्र हा वेगळा कप्पा, त्याचा तुमच्या नोकरीशी काहीही संबंध नाही, तुम्ही कलेक्टर असलात तरी ते मिळतं. आणि कामाच्या ठिकाणच्या सोयी हा तिसरा कप्पा. आपण हे तिन्ही एकमेकांत कालवतो आणि तिन्ही गमावतो. कायद्यात वाजवी सोय नावाची गोष्ट आहे. माणसाला इतरांच्या बरोबरीने काम करता यावं म्हणून आवश्यक ते बदल करायचे, मालकावर अवाजवी बोजा न टाकता. वेळ बदलून देणं, मधे विश्रांती, एसीच्या थेट झोतापासून दूर टेबल, पाण्याची बाटली जवळ ठेवू देणं, यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसाही लागत नाही. कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण करायचं आहे, खासगीनेसुद्धा. २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात सोयींचा तपशील आणि संपर्क अधिकारी लागतो.

आणि ज्यांना ४० टक्के मिळाले नाहीत त्यांनी हे नीट ऐका. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वाजवी सोय मागण्यासाठी ४० टक्क्यांची अट नाही. त्या उमेदवाराला हाताला पेटके येण्याचा त्रास होता आणि लेखनिक हवा होता. ४० टक्के ही आरक्षणासारख्या काही लाभांची पायरी आहे. माणूस म्हणून समान वागणुकीची नाही.

मी माझ्या मालकांना पत्र दिलं. भांडणाचं नाही, साधं. माझा आजार हा, प्रमाणपत्राची प्रत ही, माझी वेळ ही, आणि दुखणं उठलं त्या दिवशी घरून हिशेब करू द्यावा ही विनंती. खाली त्यांची सही घेतली. तोवर माझा अर्धा दिवस ही त्यांची मेहेरबानी होती. सही झाली त्या दिवसापासून ती ठरलेली अट आहे. फरक सात हजारांत पडला नाही. माझ्या झोपेत पडला.

काही गोष्टी भराभर सांगते. सिकलसेल असलेल्यांना सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणात जागा नाही. कलम ३४ मध्ये रक्तविकार घेतलेलेच नाहीत. ही या कायद्यातली मोठी फट आहे. पण अनेकांचा खुब्याचा सांधा या आजाराने झिजतो. तसं असेल तर चालण्या-हालण्याच्या अपंगत्वाची वेगळी तपासणी मागा. उच्च शिक्षणात मात्र कलम ३२ चं पाच टक्के आरक्षण ४० टक्क्यांवरच्या सगळ्यांना आहे, सिकलसेललाही, वयाची पाच वर्षांची सवलतही आहे. एम.ए., बी.एड.चे फॉर्म भरताना हा रकाना रिकामा सोडू नका. कर्मचारी राज्य विम्याची पगाराची मर्यादा इतरांना २१,०००, अपंगांना २५,००० आहे. उपचारासाठी प्रवास करताना सिकलसेलच्या रुग्णाला रेल्वेत अर्ध्या तिकिटाची सवलत आहे, रायपूर-नागपूर करणाऱ्यांनी दवाखान्याकडून तो फॉर्म भरून घ्यावा. वैश्विक ओळखपत्र स्वावलंबन पोर्टलवरून काढा. ऑक्टोबर २०२४ च्या नियमांनी त्याचे रंग ठरवले आहेत: ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८० पिवळं, ८० आणि वर निळं. पांढरं मिळालं म्हणून फेकून देऊ नका, ते कायद्याने दिलेलं ओळखपत्रच आहे.

आता शेवटची गोष्ट, लाजेची.

मला एकाने हसत विचारलं होतं, "एक सर्टिफिकेट तो पहले से है, अब दूसरा भी?" मी तेव्हा हसून टाळलं. आज टाळत नाही. हो, माझ्याकडे दोन दाखले आहेत, कारण माझ्यावर दोन अन्याय झाले. इंद्रा साहनी खटल्यात १९९२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की जातीचं आरक्षण उभं आणि अपंगत्वाचं आडवं. दोन्ही एकमेकांना छेदतात. मी त्या छेदबिंदूवर उभी आहे. तिथे उभं राहणं ही चैन नाही.

नावांचंही तसंच. इथे कागदावर आम्ही निःशक्तजन होतो, २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी दिव्यांग हा शब्द सुचवला. दैवी अंग! आपल्याला हे ओळखीचं वाटत नाही का? आपल्यालाही कुणीतरी हरीचे जन म्हटलं होतं आणि बाबासाहेबांनी ते नाव नाकारलं होतं. देवाशी नातं जोडलं की माणसांना काही द्यावं लागत नाही. मला देवत्व नको. मला ते सव्वाशे रुपये हवेत, आणि अर्ध्या दिवसाला अर्धा माणूस न समजणारं कार्यालय हवं.

कामाचे तास ही आपल्या चळवळीची जुनी गोष्ट आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. १९४६ साली त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. तासांवर मालकाची एकट्याची मालकी नाही, माणसाचं शरीर किती झेपवतं हाही प्रश्न आहे, हा त्यामागचा विचार. माझं शरीर आठवड्याला चोवीस तास झेपवतं. त्या चोवीस तासांत मी कुणाच्याही बरोबरीचं काम करते. उरलेल्या तासांचा भार समाजाने थोडा उचलावा, एवढंच मागणं आहे.

तुम्ही घरातले पहिले पदवीधर आहात. तुमच्या घरात, गल्लीत कुणीतरी असं असणार. दुखणं लपवून कामाला जाणारं, नाहीतर खिडकीवरून परत आलेलं. पोरीचं लग्न मोडेल म्हणून आजाराचं नाव न काढणारे आईवडील असणार. त्यांना प्रेरणा देऊ नका. एक वही घेऊन द्या आणि तारखा लिहायला सांगा. अर्ज त्यांच्याबरोबर बसून भरा, जे खरं आहे तेच भरा. पोच घ्या. आणि नाही म्हणाले, तर शांतपणे एवढंच म्हणा: साहेब, कारण लिहून द्या.

जय भीम.